अध्यायावर शिजणारी हळद

शिजत्या हळदीचा वास आला की मला एक आवाज ऐकू येतो. घोगरा, सावकाश, वाक्य संपताना थोडा खाली बसणारा. आता माझी बदली होऊन बरीच वर्षं झाली, पण हंगामात कधी वसमतकडं जायची वेळ आली तर मी बसची खिडकी मुद्दाम उघडी ठेवते. शेजारची बाई नाकाला पदर लावते, माझ्याकडं रागानं बघते. मी डोळे मिटून घेते. रानारानांतून पांढरी वाफ उठलेली असते, ऊन तिच्यात मिसळून सगळं पिवळसर, अर्धवट झोपेतल्यासारखं झालेलं असतं, आणि त्या वाफेच्या पलीकडं मामा वाचत बसलेले असतात.

मामा म्हणजे माझे घरमालक. कुरुंद्याच्या अलीकडच्या एका लहान गावात आरोग्य उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा खोली शोधत फिरत होते. माझं आडनाव ऐकल्याबरोबर एका पोरानं माझी बॅग उचलली आणि मला थेट त्यांच्या दारात नेऊन उभं केलं. "शिष्टर, हे तुमच्यातलेच हायेत," तो म्हणाला. माझी पसंती कुणी विचारली नाही. साऱ्या गावात आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, त्यामुळं मी कुठं राहणार हे गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

मामांची थोडी शेती होती आणि हळद शिजवायचा कुकर होता. कुकर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. लोखंडाच्या मोठ्या टाक्या, खाली भट्टी, पाण्याची वाफ नळातून टाक्यांत सोडायची आणि त्यात शेतातून काढून आणलेली ओली हळद शिजवून घ्यायची. हंगामात आजूबाजूचे शेतकरी ट्रॅक्टर भरभरून हळद घेऊन यायचे. हळद किती शिजली हे बघायला लोक एखादा कंद काढून त्यात काडी खुपसून पाहतात, कुणी वासावरून ओळखतं, कुणी मोबाइलवर वेळ लावतं. मामा यातलं काहीच करत नसत. ते भट्टीपासून हातभर अंतरावर उलट्या टोपल्यावर बसत, दोऱ्यानं बांधलेला चष्मा चढवत, मांडीवर पवित्र शास्त्र उघडत आणि मोठ्यानं वाचायला लागत. अध्याय लांबलचक असले तर तीन, आखूड असले तर चार. तेवढे वाचून झाले की उठून वाफ बंद करत. हळद बरोबर शिजलेली असे.

मला आधी हे ढोंग वाटलं. मग वाटलं, म्हाताऱ्याला वाचनाचं निमित्त हवंय. पण गावाला त्यात काहीच नवल वाटत नव्हतं. आपली हळद टाकीत टाकून बायका घरची कामं उरकायला जात आणि अध्येमध्ये कुंपणावरून ओरडून विचारत, "मामा, कुठवर आलं?"

"प्रभू अजून होडीत झोपलेत."

"वादळ यायचंय न्हाई?"

"यायचंय."

"मंग भाकऱ्या टाकून येते," असं म्हणून विचारणारी निघून जाई.

यातलं एकही घर ख्रिस्ती नव्हतं. कुणी मराठा, कुणी हटकर, आणि शेजारची आजी बौद्ध. ही आजी रोज सकाळी मामांना आमच्या ख्रिस्ती रीतीनं "सलाम मामा" म्हणायची आणि मामा तिला "जयभीम आजी" म्हणायचे. दोघांनी एकमेकांचा नमस्कार घेऊन टाकला होता. कुणाला कुणाच्या धर्मात जायचं नव्हतं, हळद मात्र सगळ्यांना शिजवायची होती. हंगाम सुरू झाला की मामा शुभवर्तमानाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करत. ते पहिलं पान म्हणजे नुसती बापलेकांची नावं. अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा. त्या दिवशी ज्याची पहिली टाकी असे तो कपाळावर हात मारून घेई.

आमच्या माहेरीही शास्त्र होतं. ते कपाटाच्या वरच्या फळीवर मखमली कापडात गुंडाळलेलं असे. नाताळच्या सकाळी वडील हात धुऊन ते खाली काढत, एक उतारा वाचत आणि पुन्हा वर ठेवत. त्याच्या पानांना नव्या पुस्तकाचा वास शेवटपर्यंत राहिला. मामांच्या शास्त्राला हळदीचा वास होता. प्रत्येक पानाचा खालचा कोपरा बोटाएवढा पिवळा झालेला, मधल्या काही पानांना वाफेनं पोक आलेला. कुठलं पान त्यांनी जास्त वेळा उघडलं हे रंगावरून कळे. मी पहिल्यांदा ते हातात घेतलं तेव्हा माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मला डाग पडला आणि मामी मला हसल्या.

मामी सोशिक होत्या, पण मुकाट नव्हत्या. मामांचा खरा त्रास त्यांनाच होता, कारण मामा शास्त्र वाचत ते नुसतं वाचण्यासाठी नव्हे. तरुणपणी त्यांनी लोकांच्या रानात रोजंदारी केलेली. ते म्हणत, "सकाळी मालकाच्या दारात गेल्यावर आज काय काम हाय, हे इचारावं लागतंच की. न इचारता परत आलं तं रोज कशाचा?" म्हणून सकाळी चहाच्या आधी ते एक पान वाचत आणि त्यात जे निघेल ते त्या दिवसाचं काम समजत. मामी स्वयंपाकघरातून धास्तावून विचारत, "आज काय निघालं?" कारण एकदा दोन अंगरखे असतील तर एक द्यावा असं काहीतरी निघालं होतं आणि नवा स्वेटर एका ट्रॅक्टरवाल्याच्या अंगावर गेला होता. तेव्हापासून घरातल्या चांगल्या चादरी मामींनी माझ्या खोलीत आणून ठेवल्या होत्या. "शिष्टर, तुमच्या पलंगाखाली ऱ्हाऊ द्या. त्यायचं काही खरं न्हाई."

त्यांच्या मुलीच्या सोयरिकीच्या दिवशी तर कहरच झाला. पाहुणे अकराला यायचे होते. मामांनी सकाळी पान उघडलं आणि त्यात निघालं की जेवण घालायचं तर जे आपल्याला परत जेवायला बोलावू शकत नाहीत त्यांना घालावं. मामा तसेच कुरुंद्याला गेले. येताना स्टँडवर बसणारं एक आंधळं जोडपं, आणि रोज दुपारी पारावर पडून असणारा गावचा दारुडा, असे तिघे घेऊन आले आणि त्यांना पहिल्या पंगतीला व्याह्याच्या शेजारी बसवलं. व्याह्यानं हळूच विचारलं, "हे कोण?"

"आमचे पाव्हणे," मामा म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मामी भडकल्या. "हे पान उद्या वाचलं असतं तं देव काय रुसून बसला असता?"

"आजच आलं त्याला म्या काय करू?" मामा खरोखरच काकुळतीला येऊन म्हणाले. लग्न मोडलं नाही. उलट वरातीत सगळ्यात जास्त तो दारुडाच नाचला.

वाचताना मध्येच थांबून प्रश्न विचारायचीही त्यांना खोड होती. बापाचा पैसा उडवून धाकटा पोरगा घरी परत येतो, बाप मेजवानी घालतो, आणि थोरला रागावून दाराबाहेरच उभा राहतो, ती गोष्ट चालली होती. मामांनी चष्म्यावरून समोरच्या शेतकऱ्यांकडं पाहिलं. "सांगा बरं, थोरला आत काहून येऊन नाही राहिला?"

"बराबर हाय त्याचं," एक जण तावातावानं म्हणाला. "राबायचं थोरल्यानं अन् बोकड कापायचं उंडग्यासाठी? मी बी गेलो नसतो."

"असं नसतं भाऊ," दुसरा म्हणाला. "बाप बाहेर येऊन इनवतोय म्हणल्यावर जावं."

भट्टी धडधडत होती, वाफ उन्हात तरंगत होती आणि ती माणसं जणू शेजारच्या गल्लीतलं भांडण मिटवत होती. मी उपकेंद्राचं काम संपवून तिथंच बाजेवर टेकायचे. अर्धं ऐकायचे, अर्धी झोपेत असायचे. डोळे मिटले की ते तळं, ती होडी, ते डोंगरावर बसलेले लोक सगळे याच रानात असल्यासारखे वाटायचे. ते लोक ज्या डोंगरावर बसले होते तो मला औंढ्याकडच्या डोंगरासारखा दिसायचा. लहानपणी चर्चमध्ये इतकी वर्षं बसून जे माझ्या कानावरून गेलं होतं ते इथं त्या उबेत आत उतरलं, हे मला मान्य करायला हवं.

पण माझ्या पहिल्याच हंगामात एक विचित्र गोष्ट घडली. डोंगरावरच्या शिकवणीचा भाग चालला होता. मामा वाचता वाचता एका वाक्याशी थांबले. आम्हाला वाटलं, प्रश्न विचारणार. विचारला नाही. बोट त्या ओळीवर, डोळे त्या ओळीवर, आणि माणूस दगडासारखा स्तब्ध. मला झटका आल्याची शंका आली. मी धावत जाऊन रक्तदाबाचं यंत्र आणलं. रक्तदाब ठीक होता. त्यांनी दंडावर पट्टा बांधू दिला, सोडू दिला, पण बोलले नाहीत. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले आणि टाकीकडं बघायचं कुणालाच सुचलं नाही. हळद नको तेवढी शिजून गेली, तिचा रंग काळपट झाला. ज्याची होती त्या शेतकऱ्याला मामांनी स्वतःच्या हळदीतली तेवढी काढून दिली. कारण काही सांगितलं नाही. गावात लोक म्हणाले, मामाला उन्हाचा तडाखा बसला.

दुसऱ्या हंगामात शेजारच्या आजीची हळद शिजली, वाळायला पसरली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आजी पदरात मूठभर हळद घेऊन तरातरा अंगणात आली. तिनं एक कंद मोडून मामांच्या नाकासमोर धरला. आत मधोमध कच्चेपणा दिसत होता.

"मामा, इतकी वरसं झाली, माझी हळद कधी कच्ची न्हाई राहिली. काल काय झालं?"

"ओली असंल आजी. लाकूड ओलं असंल."

"लाकूड ओलं नव्हतं. तुमी मधलं खाल्लं." आजी खाली बसली. "मला वाचता येत न्हाई, पण कान हायेत. दरसाल तो डोंगरावर बसतो, मंग मीठ येतं, दिवा येतो, अन् त्याच्या म्होरं भावाचं काहीतरी येतं. औंदा भावाचं आलंच न्हाई. तुमी खोकलला अन् पानं उलटली. काहून?"

मामांनी चष्मा काढला. मामी चुलीपुढून उठून दारात आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग मामा जे बोलले ते माझ्याकडं बघून बोलले. बाकीच्या दोघींकडं बघायचा त्यांना धीर नसावा.

त्यांना एक धाकटा भाऊ होता. याच गावात, ओढ्याच्या पलीकडं. मी दीड वर्ष तिथं राहत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. मामांच्या वडिलांनी प्रभूला मानलं तेव्हा आई आणि मामा त्यांच्याबरोबर गेले, धाकटा गेला नाही. तो घरच्या जुन्या देवाचं करत राहिला. तरी भांडण नव्हतं. आई दोन्हीकडं राहायची, दोन्हीकडं जेवायची. ती वारली त्या उन्हाळ्यात धाकटा कर्नाटकात ऊसतोडीला गेलेला होता. मामांनी फोन केला. तो म्हणाला, "निघालोच. थांबा तुमी. माझ्याबगर उचलू नका."

"म्या थांबलो न्हाई," मामा म्हणाले. "ऊन लई हाय म्हणलो. बॉडी ठिवता येत न्हाई म्हणलो. पर उन्हाचं निमित्त व्हतं शिष्टर. मला भ्या वाटलं. त्यो आला असता अन् म्हणला असता, आईला अग्नी द्यायचा. मंग भांडण झालं असतं. मला तिला आपल्या रीतीनं, प्रार्थना करून मातीत ठिवायचं व्हतं. म्हणून म्या घाई केली. त्यो सांजच्याला आला तं नुसता मातीचा ढीग व्हता."

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हणला, तोंड तरी बघू द्यायचं व्हतं. अन् शिव्या दिल्या मला, तिथंच, मातीपाशी. तवापासून त्यो या दारात आला न्हाई."

मामी डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. मामा पुढं सांगत राहिले. त्या शिव्यांबद्दल आपण भावाला क्षमा केली, असं त्यांनी प्रार्थनेत सांगितलं होतं. वसमतहून प्रार्थना घ्यायला येणाऱ्या पाळकांनी त्यांची पाठ थोपटली होती. एवढी वर्षं ते मनानं मोकळे होते. शास्त्रातलं ते वाक्यही त्यांनी दरसाल वाचलं होतं, आणि दरसाल त्यांना वाटलं होतं की हे तर आपलं करून झालंय.

"गेल्या साली वाचता वाचता ध्यानात आलं. तिथं म्या माफ करायचं असं न्हाईच. तिथं हाय, देवाला द्यायला काही घेऊन आलास अन् याद आली की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही हाय, तं ते तिथंच ठिव अन् आधी त्याच्याकडं जा. म्हंजी दुखणं त्याचं हाय. दुखवलं म्या. अन् म्या सारीकडं सांगत फिरलो की म्या त्याला माफी दिली." त्यांचा आवाज चिरकला. "तवापासून आइतवारी दानाच्या पिशवीत हात जाऊन नाही राहिला. अन् औंदा ते पान आलं तं म्या खोकून म्होरं गेलो. त्याच्याकडं जावं वाटतं. पर त्यानं दार न्हाई उघडलं तं?"

शास्त्रातलं एक वाक्य माणसाला एवढं धरून ठेवतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी स्वेटर देऊन टाकणारा, दारुड्याला व्याह्याशेजारी बसवणारा हा माणूस ओढा ओलांडायला घाबरत होता, आणि मला त्यांची फार दया आली.

आजीला दया वगैरे आली नाही. ती उठली, कंद मामांच्या मांडीवर टाकला. "ते तुमचं तुमी बघा. माझी हळद फिरून टाकीत टाका. अन् या बारीला सगळं वाचा. एक ओळ गाळली तं मी दुसऱ्या कुकरवर जाईन."

संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. मी आणि आजीच्या सुनेनं हळद गोळा करून टाकीत भरली. मामींनी भट्टी पेटवली. मामा टोपल्यावर बसले, पान उघडलं आणि वाचायला लागले. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. मीठ आलं, दिवा आला. वाफ वर चढून लिंबाच्या फांद्यांत शिरली. ती ओळ आली, आणि मामांनी ती वाचली. पूर्ण वाचली, एकही शब्द न गाळता. मग शास्त्र तसंच उघडं माझ्या हातात दिलं.

"म्होरलं तुमी वाचा शिष्टर. हा अध्याय अन् फुडचे दोन."

"तुम्ही कुठं निघालात?"

ते उठून चालायला लागले. चपला घालायचंही त्यांना भान नव्हतं. मामी त्या घेऊन मागं धावल्या. फाटकाशी त्यांनी त्या मामांच्या पुढ्यात ठेवल्या, मामांनी त्या घातल्या आणि ओढ्याच्या वाटेला लागले.

मी वाचू लागले. मोठ्यानं वाचायची सवय नव्हती, त्यात लक्ष सगळं ओढ्याकडं. आजी लगेच खेकसली, "हळू वाच की माय. कुणी मागं लागलंय का? पुन्हा कच्ची राहील." मी हळू वाचायला लागले. हळू वाचलं की एकेक शब्द उभा राहून बघतो आपल्याकडं. शत्रूवर प्रेम करा, गुपचूप दान करा, उद्याची काळजी करू नका. हे सगळं मला लहानपणापासून पाठ होतं, आणि त्या दिवशी मला ते करायला अशक्य वाटलं. तीन अध्याय संपले, आजीनं वाफ बंद केली, काडी खुपसून पाहिली आणि मान डोलावली. हळद ताडपत्रीवर पसरली. ऊन उतरलं. मामांचा पत्ता नव्हता.

दिवेलागणीला ते परत आले. टोपल्यावर बसले. आम्ही तिघीही त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. विचारायचं धाडस शेवटी मामींनी केलं.

"बोलले का भाऊजी?"

"दार उघडं व्हतं," मामा म्हणाले. "अंगणात बसला व्हता. म्या म्हणलो, चूक माझी हाय. थांबायला पायजे व्हतं. ऊन न्हाई, म्या भेलो. मला माफ कर. त्यो म्हणला, माफीबिफी मला कळत न्हाई. मला एवढं सांग, आई दिसत कशी व्हती."

मामींनी तोंडावर हात ठेवला.

"म्या सांगितलं. हिरवं लुगडं नेसवलं व्हतं. केस धुतले व्हते, ते ओलेच व्हते. हातात त्यानं आणलेल्या बांगड्या ठिवल्या, काढल्या न्हाईत. तोंड शांत व्हतं. एक डोळा मिटंना, म्या हातानं मिटला. तं त्यो म्हणला, कोणता डोळा?"

मामांनी स्वतःचा हात उलटा करून पाहिला.

"डावा, म्हणलो. त्यानं माझा हा हात धरला, अन् आपल्या डोळ्याला लावला, अन् रडला. म्या बी रडलो. निघालो तं म्हणला, उद्या ये. अजून लई इचारायचं हाय."